पुढचा स्टॉप

एकतीस वर्षं मी परळला, शरीररचनेच्या हॉलमध्ये,
मेंदू बरणीतून काढतो, नळाखाली धुतो,
परत बरणीत ठेवतो.
फॉर्मलिननं नाक गेलं ते गेलंच.
घरी आमटी करपली तर शेजारीण येऊन सांगते.

शिक्षण नववी. पण ऐकून ऐकून पाठ झालंय.
नवी पोरं ट्रेमधला मेंदू बघून गप्प होतात
आणि डॉक्टर भरूचाबाईंचा चष्मा सापडेपर्यंत
मीच सुरू करतो:
बघणं इथं होतं, मागे, मानेच्या वर. डोळे नुसत्या खिडक्या.
हा देठ, अंगठ्याएवढा. श्वास ह्याच्याकडे,
ह्याला रविवार नाही, संप नाही.
आणि खाली दडलेला हा लहान मेंदू,
उभा चिरला की आत पांढरं झाड दिसतं.
पोरं वाकून बघतात. एखादी मोबाइल काढते,
मी म्हणतो, फोटो नाही. कुणाचातरी आहे तो.

विश्रामदादाचं झाड शाबूत आहे, स्कॅनमध्ये दिसलं.
त्या झाडाच्या जिवावर बेस्टच्या डबलडेकरमध्ये
दांडी न धरता सव्वीस वर्षं उभा राहिला,
गाडी वळणावर, हा जिन्यावर, बोटांत तिकिटांचा गठ्ठा.
गेलं ते दुसरंच.
डाव्या कानशिलाच्या आत, सुपारीएवढी जागा.
रक्त पोचलं नाही, एवढंच.

कळतं सगळं. वहिनीनं पाणी हवं का विचारलं
की मान हलवतो.
पण स्वतः पाणी म्हणायला गेला
की ओठ नुसते त्या शब्दाच्या आकाराचे होतात,
आत शब्द नसतो.
पहिला महिनाभर एक शिवी तेवढी यायची,
स्वच्छ, सणसणीत, एक अक्षर न चुकता.
वहिनी आधी दार लावून घ्यायची.

मी बाईंना विचारलं, मग शिवी कुठून येते?
म्हणाल्या, पाढे, आरत्या, शिव्या,
घोटून घोटून झालेलं सगळं वेगळ्या वाटेनं येतं.
उजवी बाजू हात देत असेल. नक्की माहीत नाही.
एरवी बाई इंग्रजीत बोलतात,
'नक्की माहीत नाही' मराठीत म्हणाल्या.

त्या रात्री मी दादासमोर बसलो.
हवेतली दोरी ओढली, टण टण.
म्हटलं, भायखळा.
दादानं माझ्याकडं बघितलं, रागानंच.
मग मान ताठ झाली.
"राणीबाग. चिंचपोकळी. लालबाग. भारतमाता.
हिंदमाता. दादर टीटी, चला, उतरून घ्या,
गाडी पुढे जाणार नाही."
वहिनीचं लाटणं पोळीवर तसंच राहिलं.

पिठाच्या हातानं येऊन बसली ती.
माझं नाव घ्या, म्हणाली. लग्नात घेतलंत ना,
सगळ्या चाळीसमोर. सुगंधा. घ्या.
सु. सु.
पुढं नाही.
दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.
रडू बदामाएवढ्या एका गोळ्याच्या ताब्यात असतं म्हणतात.
मी तो कितीदा हातात धरलाय. कोरडाच असतो.

मग डावा हात उचलला. बोट वहिनीकडे.
"चिंचपोकळी."
मला वाटलं, झाली यादी परत सुरू.
पण लालबाग आलं नाही.
"चिंचपोकळी," तो म्हणाला, हळू, तिच्याकडेच बघत.

एकसष्टाव्या वर्षी माझी वहिनी लाजली.
ती तिथून चढायची, शिवणक्लासला, सात-चाळीसला.
आणि हा सुट्टे नाहीत म्हणून
रोज तिचे पाच पैसे बाकी ठेवायचा.
आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबरची बरणी उघडली.
आठवणी लिहून घेणारा तो भाग, समुद्रघोड्यासारखा वाकडा,
ट्यूबलाइटखाली धरून उलटासुलटा केला.
काय शोधताय काका, एका पोरीनं विचारलं.
काही नाही, म्हटलं, आणि नळ सोडला.

चहा हा शब्द दादाला अजून येत नाही.
तो हाक मारतो, चिंचपोकळी,
आणि वहिनी कप घेऊन येते.
पाच पैशांचं काय झालं, तेवढं विचारून घेते.